सासूबाईंच्या फेऱ्या

कपाट आवरताना बामची जुनी डबी सापडली. झाकण उघडलं आणि त्या वासाबरोबर सुरतेतल्या उधन्याच्या बागेतली एक सकाळ आठवली.

अर्धमॅरेथॉनच्या तयारीत माझी टाच दुखावली होती. मी बाकावर बाम चोळत बसले होते आणि साठीच्या सासूबाई माझे नवेकोरे बूट घालून, लुगडं खोचून बागेला फेऱ्या मारत होत्या. "बूट नुसताच पडेल शेतस, मी घाली पाहू का?" असं त्यांनी घरीच त्यांच्या अहिराणीत विचारलं होतं.

आम्हाला पळायला शिकवणारे गुजराती सर दोन वर्षांत मला एकदाही चांगलं म्हणाले नव्हते. ते टाळ्या वाजवत म्हणाले, "वाह माजी, बहु सरस." माझ्या टाचेपेक्षा पोटातच जास्त दुखलं.

सासूबाई घाम पुसत शेजारी येऊन बसल्या. मी कुचकेपणानं विचारलं, "दमलात ना?"

"नही वं," त्या म्हणाल्या, "तीस वरीस मिलमा पायी गऊ. कामशिवाय आजच चालनू."

घरी पोचताच मी बूट मागून घेतले. त्यांनी ते ओल्या फडक्यानं पुसून दिले. पुन्हा त्या कधी बागेत आल्या नाहीत, आणि तेव्हा मला त्याचं बरंच वाटलं होतं.