बाबारावकाकांची जपानी तालीम

आमच्या गल्लीतल्या बाबारावकाकांना जपानीतला एकही शब्द कळत नव्हता. पण मोबाइलवर तिकडच्या कुस्तीचे शो बघताना ते जाणत्यासारखी मान हलवत. अमरावतीत त्यांची तालीम होती आणि तिथे ते जपानी पद्धतीने स्टार घडवत होते. असं आपलं त्यांचं म्हणणं.

"तिकडं नव्या पोट्ट्याले पयले दोन वर्सं हारवते," ते सांगत. "साधी काळी चड्डी. ना गाणं, ना टोपणनाव. मंग परदेशात धाडते. वापस आला का स्टार!"

मी त्यांचा पहिला स्टार. मोर्शीत हरलो, अंजनगावात हरलो, बार्शीटाकळीत तर लोक मी रिंगणात उतरायच्या आधीच हसायला लागले. निकाल आधी ठरलेला असे. मार मात्र खरा. काका कोपऱ्यातून ओरडत, "मन लावून हार बे! हारण्यात जीवच नाई तुह्या!"

मग परदेश. काकांच्या ऐपतीत तो अकोल्यापर्यंतच होता. त्यांच्या साळ्याच्या तालमीत सहा महिने काढले आणि त्यात माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा बुडाली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आई बोलेना.

"एक डाव जिंकू दे मले, मंग बोल," मी म्हटलं.

परतलो तो सोनेरी झगा घालून, 'वादळ' असं नवं नाव घेऊन. गाणं वाजलं, धूर निघाला. पहिल्या रांगेतली एक बाई ओरडली, "अवं माय, हा तं तोच हारणारा!" सगळा मांडव हसला.

काका घाईघाईने दोरापाशी आले. "आज बी हारून टाक. अजून पिकला नाई तू."

समोर त्यांचा भाचा होता. तालमीत येऊन त्याला तीन आठवडे झाले होते.

"त्याले नाई का हारा लागत दोन वर्सं?"

"तो घरचा हाय ना बे."

हरलो. अगदी मन लावून. झगा घडी करून काकांच्या खुर्चीवर ठेवला आणि तालीम सोडली. पुढच्या वर्षी परीक्षेला बसलो.

निकालाच्या दिवशी काका न बोलावता पेढे खायला हजर. माझी गुणपत्रिका त्यांनी चष्म्याजवळ धरली.

"पास झाला?"

"हो काका. फर्स्ट क्लासात."

त्यांनी दुसरा पेढा उचलला. "कमाल हाय तुही. मी कवा सांगतलं व्हतं तुले जिंकाचं?"