कंपनी म्हणेल ती पूर्व दिशा

आमचे हे दातांचे डॉक्टर. पण पेशंट खुर्चीत आ वासून पडला, की यांचं पहिलं लक्ष त्याच्या मनगटाकडे. तिथं यांच्या लाडक्या कंपनीचं घड्याळ असेल, तर त्याच्या दाढेचं सोनंच झालं म्हणायचं. दुसऱ्या कंपनीचं असेल, तर कवळी बसवतानाही हे हळहळतात. मला सवत आहे आणि ती घड्याळांची कंपनी आहे, हे मी सगळ्यांना तोंडावर सांगते. बेडरूममधल्या काचेच्या पेटीत यांची घड्याळं दिवसरात्र गोल फिरत असतात, कारण ती मनगटाच्या हालचालीवर चालतात आणि न घालताही चालू राहिली पाहिजेत. त्या घुरघुरीत यांना गाढ झोप लागते, मला नाही.

शोरूमवाल्यांची मर्जी राहावी म्हणून यांनी न आवडलेली दोन घड्याळंसुद्धा घेतली. तशी घेतली, की हव्या त्या घड्याळाच्या प्रतीक्षायादीत आपला नंबर वर सरकतो म्हणे. तो अजून सरकतोच आहे. माझ्यापुरतं होतं तोवर मी सोसलं, पण यात वन्सं सापडल्या.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. त्यांचे यजमान, आमचे दाजी, जहाजावर इंजिनिअर होते. पहिल्याच सफरीत त्यांनी याच कंपनीचं घड्याळ घेतलं आणि जन्मभर वापरलं. उन्हातान्हानं त्याची पांढरी तबकडी चहाच्या रंगाची झाली होती. कडेला एक खोल चरा होता. मुलगी झाल्याचं कळल्यावर दाजी धावत सुटले आणि दवाखान्याच्या लोखंडी दारावर मनगट आपटलं, तेव्हाचा तो. दाजी गेल्यावर वन्सं ते घड्याळ उशाशी घेऊन झोपायच्या.

मग ते बंद पडलं. त्यांच्या कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला तेलपाणी करून देतो म्हणाला होता. हे ऐकून यांचा पारा चढला. असलं घड्याळ रस्त्यावरच्या माणसाच्या हातात द्यायचं म्हणजे पाप, ते कंपनीतच गेलं पाहिजे. वन्सं नको नको म्हणत होत्या.

"मला ते आहे तसंच हवंय रे," त्या म्हणाल्या. "फक्त टिकटिक ऐकू येऊ दे."

यांनी छातीवर हात ठेवून हमी दिली. घड्याळ गेलं आणि वन्संचा जीव टांगणीला लागला. पोचलं का, कधी येणार, हरवलं तर नाही ना, सारखे फोन. हे घरभर येरझारा घालत शोरूमला फोन लावायचे. मलाही चैन पडेना. दाराची बेल वाजली तरी दचकायला व्हायचं.

एकदा जेवताना कंपनीचाच फोन आला. भाग जुने झालेत, बदलायचे का, म्हणून. यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, तुम्हाला योग्य वाटेल ते सगळं करा. वर मलाच ऐकवलं, बघ किती काळजी घेतात! माझ्या मनात पाल चुकचुकली. अहो, वन्संना विचारा तरी, मी म्हटलं. पण कंपनी म्हणेल ती पूर्व दिशा, तिथं बायकोचं कोण ऐकतो?

घड्याळ आलं तेव्हा वन्सं चप्पल काढायच्या आधीच हात पुढे करून उभ्या. यांनी ऐटीत खोकं उघडलं. आत दुधासारखी पांढरी तबकडी, नवे काटे, नवी काच. वन्संनी ते कानाला लावलं. मग कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हे कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

हे उत्साहानं सांगायला लागले. सगळं पॉलिश करून दिलंय, वर दोन वर्षांची वॉरंटी. मला यांचं तोंड दाबावंसं वाटलं. वन्संनी जुनी तबकडी मागितली. आता कुठे यांच्या डोक्यात प्रकाश पडला. यांनी शोरूमला फोन लावला, गयावया केली. कंपनीपुढे यांना असं गयावया करताना मी पहिल्यांदाच ऐकलं. काढलेले भाग कंपनी परत देत नाही, ते मोडीत जातात, असं तिकडून गोड आवाजात कळलं.

मला वाटलं, आता हे त्या लोकांवर ढकलून मोकळे होतील.

"ताई, त्यांनी विचारलं होतं," हे म्हणाले. "मीच हो म्हणालो."

वन्सं रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी घड्याळ यांच्या हातात ठेवलं.

"तूच ठेव हे. हे तुझ्या कंपनीचं आहे. माझ्या माणसाचं होतं, ते तू देऊन बसलास."

त्या जिना उतरायला लागल्या. हे मागोमाग गेले, हातात ते घड्याळ टिकटिकत होतं.