सुदामच्या गाडीचा कॅमशाफ्ट

नवा कॅमशाफ्ट हेडमध्ये बसेना. सुदाम हातोडी घेऊन त्याला समजवायच्या बेतात होता. मी हातोडी काढून घेतली आणि मी बसते त्या पाटाखाली ठेवली.

हा सुदाम बैलगाडा शर्यतीत माइकवर बोलतो. दुसऱ्या दिवशी घोडेगावच्या पुढे त्याच्या सासुरवाडीची यात्रा होती. पहिला गाडा सुटायच्या आत तो पोचला नाही, तर माइक साडूला मिळणार होता. साडू त्याच गावात राहतो. सुदामला मोटरसायकलवर भोंगे बांधून चढ चढायचा होता, आणि गाडी रिकामीसुद्धा चढ घेत नव्हती.

"मावशी, साडू बोलाया लागला की बैलबी झोपत्यात. कायबी करा, पण गाडी चालू करा."

वारूळवाडीचं हे गॅरेज नवऱ्याचं. तो गेल्यावर मी चालवते. असली गिऱ्हाइकं त्याच्याच वेळची.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनच्या डोक्यातला एक दांडा. त्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात. दांडा फिरला की ते रॉकर नावाचे तुकडे ढकलतात आणि व्हॉल्व्ह उघडतात. गाडीचा श्वास त्यावर चालतो. उंचवटा झिजला की वरून टकटक ऐकू येते आणि चढावर दम संपतो. सुदामच्या कॅमचा एक उंचवटा पार सपाट झाला होता.

"तेल कुठलं घालतोस?"

"ट्रॅक्टरचं. घरात डबा असतोय. ट्रॅक्टर एवढं वढतो, मग हिला काय व्हतंय?"

"ही ट्रॅक्टर आहे का? जाड तेल वर हेडपर्यंत चढायला वेळ लावतं. तोवर लोखंड लोखंडाला खातं. आणि हा नवा कॅम कुठून आणलास?"

"जुन्नरवरनं. टाकीवरचं नाव सांगितलं, त्यांनी दिला."

मी जुना आणि नवा शेजारी ठेवले. नव्याचं बेअरिंग मोठं होतं. स्प्रॉकेट म्हणजे चेनचं दातेरी चाक, त्याच्या बोल्टची भोकंही जुळत नव्हती. आधीच्या मालकाने हेड दुसऱ्याच मॉडेलचं चढवलं होतं.

"लांबून बैल बघून गाव सांगतोस. बुडाखालच्या गाडीत काय आहे ते नाही कळलं?"

"बैलाचं वशिंड दिसतं, मावशी. हिचं सगळं झाकल्यालं."

मी त्याला कामाला लावलं.

"नारायणगावला जा. दुकानात गाडीचं नाव काढू नकोस. हा जुना कॅम पुढ्यात ठेव आणि बेअरिंग, भोकं जुळवून घे. रॉकरपण दोन्ही आण."

"रॉकर तर चांगलं हायेत की."

"नख फिरव त्यावर."

नख खड्ड्यात अडकलं. तो निघाला.

परत आला तेव्हा पार्ट बरोबर होते. "दुकानात फार बोललास का?"

"न्हाई वो. निस्तं यात्रेचं आवताण दिलं. सगळ्यांना."

मी पिस्टन वरच्या टोकाला आणला. नव्या कॅमला तेल लावून तो बसवला. कॅम फिरवणारी टायमिंग चेन इंजिनात पडू नये म्हणून ती तारेने वर धरून ठेवायचं काम सुदामकडे होतं. साडूची नक्कल करताना त्याने तोच हात हलवला. मग स्प्रॉकेट जोडून, बोल्ट आवळून होतात न होतात तोच त्याने किकवर पाय ठेवला.

"पाय खाली घे!"

इंजिनच्या बाजूला मॅग्नेटोचा नट असतो, तो फिरवला की इंजिन फिरतं. मी तो पान्याने हळूहळू फिरवला. नवा कॅम टाकला की आधी इंजिन हातानेच फिरवायचं. स्प्रॉकेटची खूण हेडच्या खुणेसमोर येईना. सुदामचा हात हलला तेव्हाच चेन एक दात सरकली होती. तसाच किक मारत बसला असता, तर गाडी नीट चालली नसती. दात जास्त चुकले असते, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले असते.

"लई वाकडं झालं असतं का?"

"साडूने इथवर येऊन तुला आपल्या गाडीवर बसवून यात्रेत नेलं असतं."

पुन्हा सगळं जुळेपर्यंत त्याने चेनची तार दोन्ही हातांनी धरून ठेवली. व्हॉल्व्हची फट लावली, तेल बदललं, मग किक मारली. टकटक गेली होती.

सुदाम वेळेवर पोचला आणि माइक त्यालाच मिळाला. दोन गाडे सुटण्याच्या मधल्या वेळेत त्याने घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, जमलेल्या सगळ्यांना ऐकवलं, की आवाज ऐकताच त्याने कॅमशाफ्ट ओळखला आणि स्वतःच्या हाताने बदलला.

पुढच्याच आठवड्यात त्याचा साडू माझ्या दारात उभा. मोटरसायकल टेम्पोत, हेड घरीच खोललेलं, बोल्ट पिशवीत, आणि चेन इंजिनच्या आत पडलेली.

जुन्या गाडीचा पार्ट आणायचा तर निघालेला पार्ट सोबत न्या. आणि माइकवर ऐकलेली दुरुस्ती घरी करू नका.