पुस्तकं सोडू नका, खळ बदला

डॉ. वत्सलाबाईंची आणि माझी ओळख माझ्या खोकल्याने करून दिली. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर चार-पाच वर्षांतली गोष्ट. कळंबच्या त्यांच्या दवाखान्याला तीन पायऱ्या आहेत. त्या चढताना मी दोनदा बसलो. बाई आतून पाहत होत्या. त्या उठून बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी पायरीवरच बसून त्यांनी नाडी धरली. बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, गौरवग्रंथासाठी काही सांगा म्हटल्यावर मला आधी ती पायरी आठवली.

मी शाळेचे तोंड न पाहिलेला माणूस. मोठेपणी अक्षरे गिरवली, पुस्तकबांधणी पाहून पाहून शिकलो. दीक्षेनंतर आमच्या वस्तीने वाचनालय उघडले, त्याची किल्ली माझ्याकडे आली. जुनी, फाटकी पुस्तके गोळा व्हायची, मी ती बांधायचो. बिऱ्हाडही तिथेच, मागच्या खोलीत. दोन वर्षांत दम असा लागू लागला की मी मनाशी क्षय ठरवूनच टाकला. माझा कप वेगळा केला, वाचायला येणाऱ्यांना लागण नको म्हणून वाचनालयाला कुलूप घातले आणि किल्ली दुसऱ्या कुणाच्या हवाली करायचे ठरवले. खरे सांगतो, जिवापेक्षा त्या किल्लीचेच वाईट वाटत होते.

बाईंनी यवतमाळला छातीचा फोटो काढवला, थुंकी तपासली. क्षय निघाला नाही. मग त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "झोपता कुठे?" राजूरच्या खाणीतला मजूर असो की कापूसवाला शेतकरी, हा प्रश्न कुणाला चुकत नाही, लोक त्यावरून हसतातही. मी सांगितले, फुलसावंगीला बहिणीकडे गेलो की आठ दिवस गाढ झोपतो, घरी आलो की छातीचा भाता पुन्हा सुरू. त्यांनी मला नागपूरला ओळखीच्या डॉक्टरांकडे धाडले. तिथे हातावर निरनिराळे थेंब टोचले. दोन जागी गांध उठली, एक घरातल्या धुळीची आणि दुसरी झुरळाची.

आमच्या मंडळींना, म्हणजे माझ्या बायकोला, हे काही पटेना. "झुरळानं माणूस दमते काय बाई? मंग तं सारं कळंबच दमलं असतं." बाई हसल्या. ज्याचे त्याचे अंग वेगळे, एकाला जे सोसते ते दुसऱ्याला सोसत नाही, असे त्यांनी मंडळींना समजावले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः वाचनालयात आल्या. गादी उचलून झटकायला लावली. मी शिंकून बेजार. मग त्यांनी बांधणीच्या बाकाखाली वाकून माझी खळीची वाटी बाहेर काढली. पुस्तके चिकटवायची पिठाची उरलेली खळ मी उद्याला म्हणून झाकून ठेवत असे. वाटीभोवती झुरळेच झुरळे. पुस्तकांच्या पाठी ती खळीसाठीच कुरतडत होती, आणि मी कुरतडलेल्या पाठीला आणखी खळ लावत होतो.

"दौलतभाऊ, ही पंगत तुम्हीच मांडली आहे," बाई म्हणाल्या. "पुस्तकं सोडू नका, खळ बदला."

चहा आला. बाईंना चांगली कपबशी दिली होती. त्यांनी कोनाड्यातला माझा वेगळा ठेवलेला कप मागून घेतला, त्यात चहा ओतला आणि प्यायल्या. आमच्या वस्तीत त्या कपाची गोष्ट अजून सांगतात.

मग जुनी गादी गेली, अंथरुणे उन्हात पडू लागली, भिंतीच्या फटी चुन्याने बुजल्या. झुरळे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायचे, ती रोज ताजी करायची, उरली तर फेकायची. आम्ही झोपायची जागा वाचनालयापासून दूर हलवली. दमा जाईल असे बाईंनी कधी म्हटले नाही. गोळी अजूनही लागते, पण महिन्या-दोन महिन्यांतून. कुलूप मात्र त्याच आठवड्यात उघडले.

परवा बाई एक मासिक घेऊन मुद्दाम आल्या. धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, त्यांनीच दम लागतो, असे आता शोधून काढले आहे म्हणाल्या. "तेव्हा मला नाव माहीत नव्हतं, आज कळलं, म्हणून सांगायला आले." मंडळी म्हणाल्या, "दिसतच नाही तं हाकलू कसे?" बाई म्हणाल्या, "उन्हात घालता ना गादी? तेच चालू ठेवा."

हा गौरवग्रंथ बांधायचे काम माझ्याकडे आले आहे. खळ आज सकाळची आहे, मोरचुदाने जराशी निळसर. बाईंनी शंभरी पाहावी, दर वर्षी वाचनालयात यावे, बाकाखाली वाकून पाहावे. आणि वाटी रिकामी दिसली की माझ्याच कपात चहा घ्यावा.