पालीतलं कापलेलं जाळं

महिनाभर घरात बसले की मला काही सुचेनासं होतं. या वेळी तर बॅगही भरली होती, पण नवऱ्याची सुट्टी रद्द झाली आणि कर्नाटकचा बेत बारगळला. चिडून म्हटलं, लांब नाही तर जवळ, पण निघायचंच. जेसल पार्कात इतकी वर्षं काढून उत्तनचा समुद्र धड पाहिला नव्हता. काखेत कळसा नि गावाला वळसा!

स्टेशन ओलांडून पश्चिमेला आलं की उत्तनची बस मिळते. रविवारी ती खच्चून भरते, म्हणून मधला वार निवडा. तिकीट वडापावच्या भावात. मुर्धा, राई, मोर्वा मागे पडले तरी माझी चुळबुळ थांबेना. उत्तन नाक्यावर उतरून पाली या कोळीवाड्याची रिक्षा केली. "मॅडम, चौक का किला देखना है क्या?" रिक्षावाल्याने विचारलं. मला काहीही चाललं असतं, फक्त एका जागी थांबायचं नव्हतं. पण म्हटलं, आधी पाली.

पालीच्या गल्ल्या अशा अरुंद की समोरून स्कूटर आली की भिंतीला चिकटायचं. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत होते. वास सोसत नसेल तर रुमाल जवळ ठेवा, थोड्या वेळाने सवय होते.

तिथेच एक बाई नवऱ्याला फैलावर घेत होत्या. दोघांच्या मध्ये जाळं पसरलेलं, त्याला माणूस आरपार जाईल एवढं भोक. मी फोटो काढायला मोबाईल उचलला, तर त्या माझ्याकडेच वळल्या. "काड बाय, तू तरी काड! याला तेवढा बी जमला न्हाय!"

या फिलोमिना मावशी, आणि मान खाली घालून बसलेले आंतोनकाका. मावशींनी रागातच चहा दिला, सोबत फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोल पाव. मग सगळं कळलं. आदल्या दिवशी काकांच्या जाळ्यात मोठं कासव अडकलं होतं. असा संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर सरकार भरपाई देतं, पण तो जाळ्यात असतानाचा फोटो लागतो. काकांनी आधी जाळं कापलं आणि मग प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला मोबाईल काढला. फोटोत नुसतं पाणी आलं.

"आदी फोटो काडायचा ना!" मावशी म्हणाल्या.

"तो गुदमरत होता. पिशवीची गाठ सोडू, का त्याला सोडू?"

दुसरं जाळं नव्हतं. ऐन हंगामात शेजारच्या बोटी समुद्रात होत्या आणि यांची वाळूवर. मला बसवेना. माझ्या मोबाईलमध्ये मालवणला काढलेला कासवाचा फोटो होता. जाळ्याचे दोरे त्यावर चढवणं काही अवघड नव्हतं. मी म्हटलं, "काका, हा लावू या का? कोण बघतंय?"

मावशींचे डोळे चमकले. "घे ना रे! तुझा काय जातो?"

"माझा न्हाय, सगल्या पालीचा जाईल," काका म्हणाले. "एक खोटा सापडला का उद्या खरे फोटो बी कोन मानील?"

मावशी तणतणत आत गेल्या. मला शरम वाटली आणि रागही आला. खरं सांगू? मी मावशींच्या बाजूने होते.

किल्ला राहिलाच. संध्याकाळपर्यंत मी जाळ्याची कड ताणून धरली आणि काका विणत राहिले. निघताना मावशींनी सुके बोंबील बांधून दिले, वर नंबरही दिला.

घरी आल्यापासून आणखीच अस्वस्थ आहे. कासवं वाचावीत असं मला वाटतं, तुम्हालाही वाटत असेल. पण आपल्याला ते फुकटात वाटतं, आणि त्याचा खर्च त्या एका घरातून जातो. भरपाई आहे हे चांगलंच, पण बुडत्या जिवाला फोटोपुरतं थांबवायचं कसं, हे मला सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर खाली लिहा.

काल मावशींना फोन केला. सांधलेलं जाळं घेऊन काका पहाटेच समुद्रात गेले होते.

"या वेळी मोबाईल पिशवीबाहेर ना?" मी विचारलं.

"मी सोता त्याच्या खिशात घातला बाय," मावशी म्हणाल्या. "पन सुरी त्याच्या हातात हाय."