नावं ठेवणारा काशीरामशेठ

नाकाने कांदे सोलणारी माणसं पनवेलात पुष्कळ आहेत, पण काशीराम कडू त्यांचा मुकादम. तो मूळचा गव्हाणचा. बाप मिठागरावर राबून राबून वाकला, आजाही तसाच गेला, आणि ह्याच्या वाट्याला राबणं आलंच नाही. नव्या शहरासाठी जमीन गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डरने इमारत उभी केली, आणि काशीरामचा काशीरामशेठ झाला. महिन्याच्या महिन्याला भाडं येतंय, मग माणसाने दिवसभर करायचं काय? कुणी देवळाचा विश्वस्त होतो, कुणी टेनिस बॉलच्या मॅची भरवून पहिल्या नंबराला मोटारसायकल देतो. ह्याने ते काही केलं नाही. हा पत्ते जमवायला लागला.

रमीचे पत्ते नव्हेत. काशीरामशेठ पोरसवदा असताना मोरछाप बबलगम नावाचा एक चिकट प्रकार मिळायचा. त्याच्या पाकिटात क्रिकेटपटूचं चित्र असलेला एक पत्ता निघायचा, पुढे चित्र आणि पाठीमागे धावा, विकेटी. पोरं ते डाव लावून एकमेकांकडून जिंकायची. अख्खा संच अठ्ठेचाळीस पत्त्यांचा. शिवाय सोनेरी काठाचे सहा खास पत्ते, जे नशीब असेल त्याच्याच पाकिटात निघायचे. आणि खरं सांगायचं तर तो संच म्हणजे निव्वळ भिकारडा माल होता. चित्रकाराला नाक एकच काढता यायचं, ते त्याने सगळ्यांना वाटलं. डावखुऱ्या फलंदाजाला उजवा करून ठेवला. ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरलेला, त्यामुळे गोलंदाज बघावा तो पान खाऊन आलेला. सोनेरी काठ म्हणजे तरी काय, मिठाईच्या खोक्यावर असते तशी चकचकीत पट्टी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पण पन्नाशी ओलांडलेले बापये आज त्या पत्त्यांसाठी जीव टाकतात, आणि त्यांच्यात काशीरामशेठचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल.

हा मान त्याला कुणी दिला? कुणीच नाही, त्याने तो घेतला. दर रविवारी हा माणूस हॉलमधल्या टेबलावर मोबाईल उभा करून लाइव्ह जायचा, हातात पांढरे मोजे चढवायचा आणि लोकांनी आणून दिलेले संच तपासायचा. तपासायचा म्हणजे सालं काढायचा. खारघरचा एक इंजिनियर हौसेने आपला संच घेऊन आला, तर पहिलाच पत्ता उचलून हा म्हणाला, "ह्यो पत्ता हाय का पापड? कोपरं बगा कशी मुडपलीत." ओवे गावचा एक साधा माणूस आईच्या पेटीत जपलेला संच घेऊन आला, तर ह्याने तो नाकाशी नेला आणि सांगितलं, "डांबरगोल्यांचा वास येतो. परत पेटीतच ठेवा, झुरलं तरी मरतील." तो बिचारा मान खाली घालून उठला. आणि हे बघायला हजारभर रिकामटेकडे मोबाईल धरून बसायचे. लोकांनाही दुसऱ्याची फजिती बघायला आवडते, एकट्या काशीरामशेठला काय बोलायचं?

घरातही तेच. मालूने केलेलं कालवण त्याला तीस वर्षांत एकदाही बरोबर लागलं नाही. मीठ जास्त तरी असायचं, नाहीतर कमी तरी. ती बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तिने एवढी वर्षं कशी काढली ते तिचं तिलाच माहीत.

पण मुलगी काही मालू नव्हती. प्राची सत्तावीस वर्षांची, बँकेत नोकरीला, बोलायला सरळ. तिची दोन स्थळं बापाच्या तोंडापायी गेली होती. पहिल्या मुलाचा बाप गाडीतून उतरतोय तोवर ह्याने विचारलं, "गाडी घरची, का आजच्यापुरती आनली?" दुसऱ्यांच्या घरी हा स्वतः गेला आणि त्यांची नवीकोरी इमारत बघून म्हणाला, कोंबड्या किती मावतात. दोन्हीकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुठली जुळायची? ती कुणी उघडलीही नव्हती.

आता तिसरं स्थळ नेऱ्याचं, आणि हे प्राचीने स्वतः ठरवलं होतं. प्रितम तिच्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत होता. त्याचा बाप बुधाजी, नेऱ्यात शेती, शेतातच दोन फार्महाऊस बांधून भाड्याने दिलेली. गणपती होऊन गेले आणि बुधाजीने कळवलं की रविवारी बोलणी करायला येतो. आणि येताना आपला मोरछाप संच घेऊन येतो, होणाऱ्या व्याह्यांना दाखवायला. एवढा मोठा पारखी घरात मिळतोय म्हणून त्याला कोण आनंद झाला होता.

प्राचीने शनिवारी बापाला समोर बसवलं.

"बाबा, उद्या ते पत्ते दाखवतील. तुम्ही फक्त 'छान आहे' म्हणायचं."

"आनि छान नसला तर?"

"तरी छान आहे. पुढे एक शब्द नाही. हे लग्न तुमच्या तोंडामुळे मोडलं ना, तर मी परत कुणाला ह्या घरात आणणार नाही. मीही राहणार नाही. कळलं?"

कळलं होतं. माणूस खडूस असला तरी बाप होता, एकुलती एक पोर होती. ती बोलली तसं करेल हेही त्याला ठाऊक होतं. रात्री त्याला जेवण गेलं नाही, आणि नेमकं त्या दिवशी त्याने कालवणाला नावंही ठेवली नाहीत. मालूने कपाळाला हात लावून ताप तर नाही ना ते बघितलं.

रविवारी बुधाजी आला. पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात बोटभर जाड साखळी, हातात काकड्यांनी भरलेली पिशवी. मागे प्रितम, तोंडात मूग धरून. चहापाणी झालं, पावसाची चौकशी झाली, आणि मग बुधाजीने काखेतली दुसरी पिशवी टेबलावर उपडी केली.

पत्ते खळखळत पडले. हो, खळखळत. पुठ्ठ्याचा पत्ता असा वाजत नाही. काशीरामशेठने वाकून बघितलं. सगळेच्या सगळे पत्ते लॅमिनेट केलेले होते.

आपल्याकडे हे असंच. जे जिवापाड जपायचं ते नेऊन प्लॅस्टिकमध्ये कायमचं गाडायचं. मार्कशीट असो, आजोबांचा फोटो असो, सातबारा असो. इकडे हौशी लोकांच्या जगात लॅमिनेशन म्हणजे पत्त्याचा मुडदा, तो परत जिवंत होत नाही. पण हे बुधाजीला कुणी सांगावं? तो छाती काढून बसला होता.

"तहसीलच्या समोर तो आधारकार्डवाला हाय ना, त्याच्याकडून करून घेतला. एक नंबर काम."

"छान हाय," काशीरामशेठ म्हणाला. आवाज कुठून तरी विहिरीतून आल्यासारखा.

"पानी पडला तरी काय नाय व्हत. हे बगा." आणि बुधाजीने एक यष्टिरक्षक उचलून सरळ पाण्याच्या पेल्यात बुडवला. बाहेर काढला, शर्टाला पुसला आणि व्याह्यांच्या हातात दिला.

"छान हाय," काशीरामशेठ परत म्हणाला. त्याच्या कपाळावरची शीर फुगली होती. प्राची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिची नजर बापावरून हलत नव्हती. बापाने ती बघितली. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. कोपरे गोल कापलेले होते, तो गप्प बसला. पाठीमागच्या धावा निळ्या पेनाने अधोरेखित केल्या होत्या, तरी गप्प बसला. एवढा संयम त्याने आयुष्यात पाळला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यापुरती मला त्या माणसाची दया आली.

मग बुधाजीने शर्टाच्या खिशातून रुमालात बांधलेले सहा पत्ते काढले. खास पत्ते, सोनेरी काठाचे. फक्त काठ नव्हता.

"काठ कुठं हाय?" काशीरामशेठच्या तोंडून निघालंच.

"कापला. मशिनीत बाकीच्यांबरोबर बसत नव्हता ना. पन मान हाय हां यांना. दरसाल लक्ष्मीपूजनाला सोन्याबरोबर हेच मांडतो. लॅमिनेट केला त्याच्याआदीपासूनचा हलदकुंकू बगा, तसाच्या तसा राहिला."

खरंच राहिलं होतं. सहाच्या सहा खेळाडूंच्या कपाळावर कुंकवाचा टिळा, गालावर हळद, आणि वरून प्लॅस्टिक. त्यातला सहावा पत्ता कर्णधाराचा होता. काशीरामशेठकडे पहिले पाच होते. हा सहावा त्याने वर्षानुवर्षं शोधला होता, पुण्यापासून सुरतेपर्यंत माणसं कामाला लावली होती, तरी त्याला तो बघायलासुद्धा मिळाला नव्हता. आणि तो आता इथे समोर पडला होता, काठ छाटलेला, नवरदेवासारखा हळद लागलेला.

जित्याची खोड. काशीरामशेठ उठून उभा राहिला.

"अक्कल काय गहान ठेवलीव तुमी? अख्ख्या महाराष्ट्रात असले दोन नसतील, आनि तुमी त्याला कुंकू लावून कातरीनं कापताव? गाढवाला गुलाची चव काय म्हनतात ते खोटा नाय. पत्ते नाय हे, मयतं हायत. तुमच्यासारख्यांच्या हातात चांगली वस्तू पडूच नये."

एवढं बोलून तो थांबला, कारण प्राचीने चहाचा ट्रे ओट्यावर ठेवला त्याचा आवाज आला. प्रितम उठायच्या बेतात होता. मालूने डोळे मिटून घेतले. झालं, तिसरंही गेलं, असं प्रत्येकाच्या मनात आलं, आणि काशीरामशेठच्या मनात सगळ्यात आधी आलं. तो मटकन खाली बसला. पोरीकडे बघायची त्याची हिंमत होईना.

बुधाजी मात्र हलला नाही. त्याने आपले पत्ते गोळा केले, पेल्यात बुडवलेला यष्टिरक्षक सगळ्यात वर ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "शेठ, तुमचा दाखवा. आमाला कलूं तर दे चांगला कसा असतो तो."

बुडत्याला काडीचा आधार. आपला संच बघितला की हा माणूस विरघळेल, गैरसमज मिटेल, असं त्या शहाण्याला वाटलं. धावत जाऊन त्याने लोखंडी कपाट उघडलं आणि पेटी आणली. हातात मोजे चढवले. एकेक पत्ता कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात, कोपरे सुईसारखे, रंग काल छापल्यासारखे. बुधाजीने हात पुढे केला तर ह्याने पेटी मागे ओढली. "लांबूनच बगा."

बुधाजी लांबून बघत बसला.

"ह्यो कोनाकडून जिंकलाव?" त्याने पहिल्या पत्त्याकडे बोट करून विचारलं.

"जिंकतो कशाला? अख्खा संच घेतला. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून."

"मंग पोरपनी?"

"पोरपनी कुठला? आमच्या बापानं बबलगमला कदी पैसं नाय दिलं."

"बरा. आनि आता घरात कोन बगतो हे? पोरगी बगते?"

काशीरामशेठने तोंड उघडलं, पण उत्तर प्राचीने दिलं. ती दारातच होती.

"मी सातवीत असताना एक पत्ता शाळेत नेला होता, मैत्रिणींना दाखवायला. बाबा दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून कपाटाला कुलूप आहे." ती हे रडून बोलली नाही की रागानेही नाही. कुणी घराचा पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसं तिने सांगून टाकलं.

बुधाजीने तिच्याकडे बघितलं, मग पेटीकडे, मग काशीरामशेठच्या पांढऱ्या मोज्यांकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात सडका माल बघून गिऱ्हाईक जसं काही न बोलता पुढे सरकतं, तसा तो चेहरा झाला होता. काशीरामशेठने आजवर हा चेहरा दुसऱ्यांना शेकडो वेळा दाखवला असेल, स्वतः मात्र पहिल्यांदाच बघत होता.

"वयनी," बुधाजी मालूला म्हणाला. काशीरामशेठकडे त्याने वळूनही बघितलं नाही. "पोरगी आमाला पसंत हाय. घरातून निगालो तवा ठरवला व्हता, साखरपुडा दिवालीनंतर नि लगीन उन्हाल्यात. आता मी म्हनतो, एवढा थांबाया नको. असल्या घरात पोरीला उन्हाल्यापर्यंत कशाला ठेवायची? लवकरचा मुहूर्त बगा."

काशीरामशेठने मालूकडे बघितलं. तीस वर्षांची बायको, नवऱ्याचा असा पाणउतारा ऐकून घेणार नाही, निदान दोन शब्द तरी बोलेल, अशी त्याची आशा. मालूने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तुलशीचा लगीन झाला का दुसऱ्या दिशी धरा," ती म्हणाली. "चातुर्मास हाय म्हनून, नायतर मी ह्याच आठवड्यात दिली असती."

प्रितमला हसू आलं, त्याने ते काकडीच्या फोडीमागे लपवलं. प्राची चहा घेऊन आली आणि सासऱ्याला पहिला कप दिला. मग मुहूर्ताचं बोलणं निघालं, हॉलचं निघालं, हळदीला किती माणसं येतील त्याचं निघालं. बुधाजीने मालूच्या चहाचं कौतुक केलं तेव्हा ती लाजली.

काशीरामशेठ पेटी मांडीवर घेऊन तसाच बसला होता. त्याचा पहिलाच पत्ता बघून झाला होता, बाकीचे कुणी मागितले नाहीत.