अकरा कशावरून?

अनंत चाळके मुलुंड पूर्वेला राहतो. तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात खांबांवर चढण्यात गेली. मग निवृत्त झाला, आणि ज्या वयात माणसं गुडघ्याला तेल चोळत बसतात त्या वयात लढाया लिहायला लागला. स्वतः त्यानं आयुष्यात कुणाच्या थोबाडीत मारलेली नाही. पण वादात त्याच्याइतका चिवट माणूस मी आमच्या अकरा वाड्यांत पाहिला नाही, आणि आमच्याकडे बांधाच्या वितीसाठी तीन पिढ्या न बोलणारी घरं आहेत.

आम्ही दोघं कातळशेतचे. माझा जन्म तिथला आणि मरणही तिथलंच असणार. अनंताचे आईबाप गिरणीसाठी मुंबईला आले, म्हणून तो गावाला मे महिन्यात आणि दसऱ्याला तेवढा यायचा. गावाच्या वेशीवर एक संगमरवरी दगड आहे. पहिल्या महायुद्धात गावातून किती जण गेले आणि किती मेले, हे सरकारनं त्यावर इंग्रजीत कोरलं होतं. गेले एकोणचाळीस, हे अजून वाचता येतं. मेले किती, तो कोपरा आमच्या जन्माआधीच फणसाची फांदी पडून फुटला. अनंताचा पणजा त्या एकोणचाळिसांतला. तो परत आला, चाळीस वर्षं नाचणी पिकवली, आणि लढाईबद्दल एक शब्द बोलला नाही. घरातल्यांनीही विचारलं नाही. मला वाटतं, चार पिढ्यांचं न विचारलेलं सगळं एकट्या अनंताच्या वाट्याला आलं.

इंटरनेटवर मराठीत एक मोफत ज्ञानकोश आहे. ज्याला जे ठाऊक असेल ते त्यानं लिहावं आणि दुसऱ्यानं तपासावं, अशी त्याची रीत. पगार नाही, मानधन नाही, लेखाखाली नावही नाही. दुसऱ्याच्या शेतावर फुकट राबायला गेलं तर निदान जेवायला मिळतं. इथं तेही नाही. उलट दर रविवारी सकाळी अनंताच्याच घरी पोहे होतात, आणि ते खायला पवईहून रुचिरा आणि बोरिवलीहून नितेश येतात. रुचिरा तिशीतली, मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. नितेश क्लासमध्ये गणित शिकवतो आणि तोफांवर लिहितो. तिघांनी मिळून ज्ञानकोशातले लढायांचे लेख सांभाळायचे, असं ठरलेलं आहे.

त्यांची पद्धत अशी. एकानं लेखातलं एक वाक्य मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्यानं विचारायचं, "कशावरून?" मग पुस्तकाचं नाव आणि पान सांगायचं. सांगता आलं नाही तर वाक्य बाद. तीन नियम अनंतानं स्वतः लिहून भिंतीवर चिकटवलेत. छापलेलं असल्याशिवाय लिहायचं नाही. छापलेल्याच्या आधारावर लिहिलेलं वाक्य, दुसरं छापलेलं दाखवल्याशिवाय काढायचं नाही. आणि तिसरा, मला आठवतं हा पुरावा नव्हे. दुसरा नियम नितेशशी एका तोफेवरून सहा महिने भांडण झाल्यावर आला.

अनंताची बायको, आमच्या उत्तरावहिनी, कपाळाला हात लावतात. "भावोजी, मी म्हटलं दूध नासलंय, तर हे विचारतात कशावरून! आता मी पातेलंच नाकाखाली धरते."

गेल्या भादव्यात मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे मुलुंडला आलो होतो. रविवारी अनंताकडे जाऊन बसायचो. अशाच एका रविवारी ‘कोकण आणि पहिलं महायुद्ध’ या लेखाचं शेवटचं वाचन होतं. तेरा वर्षं चाललेला लेख. नितेश वाचत होता.

"कातळशेत गावातून एकोणचाळीस जण युद्धावर गेले. त्यांपैकी अकरा परत आले नाहीत."

"कशावरून?" अनंतानं डोळे मिटूनच विचारलं.

"कातळशेत ग्रामस्थ मंडळाची स्मरणिका, दोन हजार सतरा, पान चौदा," रुचिरा म्हणाली. "आधी संदर्भच नव्हता काका, मी गेल्या महिन्यात शोधून घातला."

मी ताठ बसलो. ती स्मरणिका मी लिहिली आहे. चौसष्ट पानं, माझ्या नावानं छापलेलं एवढं एकच. पवईच्या मुलीच्या तोंडून तिचं पान ऐकताना माझ्या पट्टी नसलेल्या डोळ्यालाही पाणी आलं असतं.

अनंताचा चेहरा मात्र उतरला. "संदर्भ नव्हता, कारण ते वाक्य मी पहिल्या वर्षी लिहिलं. तेव्हा नियम कुठे होते! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दगडासमोर अकरा नारळ फोडायचे. मेलेल्या माणसामागे एक. लहानपणी दरवर्षी मोजलेत मी."

"अरे," मी म्हणालो, आणि बोलून बसलो. "मेलेल्यांचे कुठले? वाडीगणिक एक नारळ असतो. अकरा वाड्या, अकरा नारळ. कुणालाही विचार."

नितेश हळूच म्हणाला, "वाट लागली."

अनंत माझ्याकडे वळला. "मग तुझ्या पुस्तकात अकरा मेलेले कुठून आले रे कुंडलिका?"

मी पोह्यांतली मिरची शोधू लागलो. "जाणत्यांना विचारलं होतं," मी म्हणालो.

प्रस्तावनेत मी तसंच छापलं होतं. ‘यातला प्रत्येक आकडा गावच्या जाणत्या माणसांना विचारून घेतला आहे.’ बाकीचे आकडे घेतलेही होते. हा एकच नव्हता. हा मी भाच्याच्या मोबाइलवर वाचला होता, त्याच ज्ञानकोशात. शहरातल्या शिकलेल्या लोकांनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं तेव्हा वाटलं. ते शहरातले शिकलेले लोक म्हणजे अनंता, हे मला कुठं ठाऊक?

संध्याकाळपर्यंत अनंतानं ते वाक्य काढलं. सोमवारी रुचिरानं परत घातलं. त्यानं पुन्हा काढलं, तिनं पुन्हा घातलं आणि लेखामागच्या चर्चेच्या पानावर दुसरा नियम जसाच्या तसा लिहिला. मग त्याला फोन केला. मी शेजारीच होतो.

"अगं, ती चूक माझी आहे. मीच सांगतोय ना!"

"काका, तुम्ही चुकलात याला संदर्भ काय?"

"मी जिवंत बसलोय इथे!"

"तुम्हाला नारळ आठवतात. तिसरा नियम. आणि कुंडलिककाका म्हणतात की त्यांनी गावात विचारलंय. मग नारळ अकरा आणि माणसंही अकरा, असंही असू शकतं ना? चिडू नका हो, तुम्हीच शिकवलंत."

त्यानं फोन ठेवला आणि भिंतीवरच्या तीन नियमांकडे असा बघत राहिला, जसा माणूस आपणच घातलेल्या कुंपणात धोतर अडकल्यावर काट्याकडे बघतो. पुढचे चार दिवस त्यानं युद्धात मेलेल्या सैनिकांच्या परदेशी नोंदवह्या कॉम्प्युटरवर चाळल्या. बापाचं नाव, गाव, तालुका. कातळशेतचे सात सापडले. सातच. पण गावाचं नाव इंग्रजीत कुणी कसं लिहिलं असेल याचा नेम नाही, म्हणून सातच असं छातीठोक म्हणताही येईना. त्याला जेवण जाईना.

आणि शुक्रवारी घाटकोपरहून चंद्रप्रकाशचा फोन आला. चंद्रप्रकाश मंडळाचा अध्यक्ष, वयानं आमच्याहून लहान, आवाजानं मोठा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या दगडाशेजारी नवी काळी पाटी बसवायची होती. कारागीर सोमवारी अक्षरं कापणार होता. मजकूर एकदा डोळ्याखालून घाला, म्हणाला. मजकुरात अकरा होतं.

अनंत मला घेऊन शनिवारी घाटकोपरला गेला. मंडळाच्या खोलीत पाटीचा कागदी नमुना टेबलावर पसरलेला होता.

"अनंतदादा, आता काही बोलू नका," चंद्रप्रकाश म्हणाला. "स्मरणिकेत अकरा आहे. नेटवर अकरा आहे. दोन ठिकाणी आहे ना?"

"दोन नाहीत रे बाबा! एकच आहे. मी लिहिलं तेच."

"मग स्मरणिका? ही कुंडलिककाकांनी जाणत्यांना विचारून लिहिलीय. छापलंय तसं. काय हो काका?"

मी ‘हं’ म्हणालो. होकार नाही, नकार नाही, नुसतं हं.

"बघा. आणि तुमच्या त्या वहीत सात. म्हणजे चार जणांना आम्ही परत घरी पाठवायचं? कुठल्या घरी?" चंद्रप्रकाशनं कागद गुंडाळला. "सोमवारी दहाला कापायला घेतोय. त्याआधी काही छापील असेल तर आणा."

घरी आल्यावर अनंत खुर्चीत बसला आणि भिंतीकडे बघून म्हणाला, "कागदावरचं खोडता येतं. पडद्यावरचं तर चुटकीसरशी. दगडावरचं कोण खोडणार? उद्या शंभर वर्षांनी कुणीतरी त्या पाटीचा फोटो काढेल आणि संदर्भ म्हणून लावेल. आणि जे कधी नव्हतेच असे चार जण मी मारले, हे कुणाला कळणारही नाही."

उत्तरावहिनींनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या. "भावोजी, घाटकोपरला काय झालं ते ह्यांनी सांगितलं. तुम्ही हं म्हणालात. हं म्हणजे काय?"

कातळावर पेरलेलं उगवत नाही म्हणतात. पण पाऊस झाला की कातळावरसुद्धा हिरवं येतं, आणि ते झाकायचं कुठं? मी चहा बशीत ओतला, परत कपात ओतला. मग सांगून टाकलं. भाचा, मोबाइल, सगळं.

अनंत उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हात उगारतो. "म्हणजे मी लिहिलं ते तू वाचलंस, तू छापलंस ते रुचिरानं मला दाखवलं, आणि मी आठवडाभर उपाशी! अरे गाढवा, रविवारीच बोलला असतास तर!"

"माझं एकच पुस्तक आहे, अनंता."

"माझी एकच लढाई आहे!" तो ओरडला. मग दोघांनाही जरा लाज वाटली, कारण शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं.

शुद्धिपत्र मी तिथंच लिहिलं. ‘पान चौदावरील अकरा हा आकडा गावात विचारून घेतलेला नसून इंटरनेटवरील ज्ञानकोशातून उचललेला आहे. तो विश्वासार्ह नाही. दोष लेखकाचा.’ चार ओळी लिहायला मला चौसष्ट पानांइतका वेळ लागला. अनंतानं ‘उचललेला’ खोडून ‘घेतलेला’ केलं. तेवढी त्याची माया. रविवारी पोह्यांनंतर तो छापखानेवाल्याच्या घरी गेला आणि त्याला जेवणावरून उठवून आणलं. सोमवारी नऊ वाजता आम्ही दोघं घाटकोपरच्या खोलीत कपाटातल्या उरलेल्या एकशे बारा प्रतींत चिठ्ठ्या चिकटवत होतो. बोटं डिंकानं माखली होती. माझ्याच पुस्तकाला मी एकशे बारा वेळा चूक म्हणत होतो.

चंद्रप्रकाश आला, एक प्रत उघडली, दोनदा वाचली. "काय माणसं आहात यार तुम्ही," म्हणाला. "मग आता आकडा कुठला घालू?"

"आकडा घालूच नकोस. सापडलेली सात नावं घाल. खाली चार ओळींची जागा सोड."

"मोकळी? पाहुणे विचारतील, पाटी अर्धवट का?"

"विचारू देत," अनंत म्हणाला. "कुणीतरी विचारायला हवंच होतं."

रुचिरानं त्याच दुपारी शुद्धिपत्राचा संदर्भ देऊन अकरा काढलं. अनंतानं तिला तीन वेळा फोन करून विचारलं की नीट काढलंय ना. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काका, आता हेच बघत बसायला नोकरी सोडू का?"

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी डोळा दाखवायला पुन्हा मुलुंडला होतो. नितेशनं गावाहून आलेला फोटो पडद्यावर लावला. काळी पाटी, सात नावं, खाली उन्हात चकाकणारी मोकळी जागा. पाटीसमोर ओळीनं मांडलेले नारळ. मी मोजले. अनंतानंही मोजले, कारण त्याचे ओठ हलताना दिसले.

"झकास फोटो आहे. लेखात टाकू," नितेश म्हणाला.

"नारळ कापून टाक त्यातले!" अनंत खुर्चीतून उठलाच. "आणखी तेरा वर्षांनी कुणीतरी मोजेल!"

"फोटो कापायचा नाही काका," रुचिरा म्हणाली. "खाली ओळ लिहू. अकरा वाड्यांचे मानाचे अकरा नारळ. झालं."

अनंत सावकाश खाली बसला. त्यानं डोळे मिटले. मला कळलं होतं तो काय विचारणार, वहिनींनाही कळलं होतं, त्या स्वयंपाकघरात पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

"कशावरून?"

तिघंही माझ्याकडे बघू लागले. मी बशी खाली ठेवली.

"उद्याच्या गाडीनं गावाला जातो," मी म्हणालो. "या वेळी खरंच विचारून येतो."

"जाणत्यांची नावं लिहून आण," डोळे न उघडता अनंत म्हणाला. "वयासकट. आणि कुंडलिका, मग ते छाप."